विहिरीतले देवीचे मासे

२००२ च्या मे महिन्यात आमच्या आजोळी देवळासमोरचे तळे गाळ काढण्यासाठी उपसले गेले. त्यातले मासे गावातल्या विहिरींमध्ये सोडण्यात आले. पावसाळ्यात तळे भरले की ते परत आणायचे, असे ठरले होते. ठरल्याप्रमाणे ते आले नाहीत.

गाव रत्नागिरीहून जयगडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या खाली, खाडीच्या एका फाट्यावर आहे. तळ्याच्या तीन बाजू जांभ्यात खोदलेल्या आणि चौथ्या बाजूला मातीचा बांध. बांधावरून सांडणारे पाणी एका पऱ्यातून खाडीकडे उतरते. पऱ्याच्या दोन्ही काठांना केवडा माजलेला असे. त्याच्या खाली समुद्रफळाची काही झाडे होती. त्यांचे लाल तुरे रात्री फुलत आणि सकाळी पाण्यावर गळून पडलेले असत. भरतीचे पाणी जिथवर चढते तिथून तिवर आणि काटेरी मारांडी अशी खारफुटी सुरू होई. गोडे पाणी कुठे संपते हे समजायला दुसरी खूण लागत नसे.

तळ्यात कुमुद होते, काठाला लव्हाळा. कुमुदाच्या पानांवरून कमळपक्षी चालत. पाणकोंबड्या बारा महिने असत. अडया, म्हणजे लहान रानबदके, हिवाळ्यात येत, दिवसभर तळ्याच्या मध्यावर माना पंखांत घालून बसत आणि दिवस मावळताना शीळ घालत खाचरांकडे उडून जात.

या तळ्यात गरी टाकायची नाही आणि जाळे लावायचे नाही, असा नियम होता. तो कोणी घातला हे कोणाला माहीत नव्हते. गावातली बहुतेक घरे मासे खाणारी; खाडीतली बोय, खेकडे, कालवे रोजच्या जेवणातली. तळ्यातल्या माशाकडे मात्र त्या नजरेने कोणी पाहत नसे. दुपारच्या नैवेद्यानंतर भाताची शिते टाकली की मोठे मासे काठाच्या पायरीपर्यंत येत. मरळ आणि शिंगटी सगळ्यांना ओळखू येई. काळपट पाठीच्या, रुंद खवल्यांच्या मोठ्या माशांना मात्र गावात नाव नव्हते. त्यांना नुसते देवीचे मासे म्हणत.

माझे मामा खेडच्या एसटी आगारात वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन गावी आल्यापासून सगळे त्यांना कंट्रोलर म्हणत. देवळाच्या पंचांमध्ये ते मुख्य होते. शिमग्यात देवीची पालखी देवळाबाहेर काढताना पुढच्या दांड्याला पहिला खांदा त्यांच्या घराण्याचा असे. वडिलांच्या मागे तो मान मामांकडे आला होता. खेडला असतानाही त्यासाठी ते दर वर्षी रजा काढून येत.

तळे गाळाने उथळ झाले होते. एप्रिल अखेरीस मध्यावर चिखल उघडा पडे आणि खालच्या वाडीतल्या विहिरींचे पाणी त्याबरोबर उतरे. गाळ काढायचा यावर दुमत नव्हते. प्रश्न माशांचा होता. त्यासाठी देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. मी तेव्हा रत्नागिरीत एका वर्तमानपत्रात काम करत होतो आणि सुटीच्या दिवशी आजोळी आलो होतो.

"खाडीत सोडा," वरच्या वाडीतला एकजण म्हणाला.

"खाऱ्या पाण्यात? मेल्या, तुला ठेवला तर चालंल काय खाऱ्या पाण्यात?"

"मी रोज कुठं असतो मग?" हा माणूस होडीवरचा होता. मंडप हसला.

पिंपे, टाक्या, बांधाखाली खड्डा, असे उपाय सुचवले गेले आणि मागे पडले. बायका खांबांच्या मागे बसल्या होत्या. तिथून मामी म्हणाली, "विहिरी आहेत की. पाणी आहे, सावली आहे, बगळा पोचत नाही. घरोघरी वाटून द्या. पाऊस लागला की परत आणा."

हे सगळ्यांना पटले. विहिरीत चार मासे असले की पाणी चांगले राहते, हे गावात पूर्वीपासून मानले जाई. पण खालच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याने शंका काढली की एकदा घरात गेलेली वस्तू बाहेर निघत नाही.

"त्याची जबाबदारी माझी," मामा म्हणाले.

"जबाबदारी म्हंजे काय, कंट्रोलर? गाडी चुकली तर दुसरी सोडणार?"

मामा उभे राहिले. "मासे तळ्यात परत येईपर्यंत मी देवळाची पायरी चढणार नाही. झालं?"

असे काही बोलण्याची गरज नव्हती, आणि कोणी ते मागितलेही नव्हते. मामांच्या अंदाजाप्रमाणे प्रश्न एका पावसाळ्याचा होता.

दुसऱ्या दिवशी देवीला कौल लावला. आमच्याकडे गुरव देवीच्या मूर्तीला डाव्या आणि उजव्या अंगाला ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणे घालतो आणि प्रश्न विचारतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तळे उपसावे काय, हे विचारले. उजवी पडली. मासे विहिरींत न्यावे काय, हे विचारले. पुन्हा उजवी पडली. परत कसे आणावे, हे कोणी विचारले नाही. तो प्रश्न कोणाच्या मनातच आला नव्हता.

मे महिन्यात डिझेलची इंजिने लावून पाणी पऱ्यात सोडले. पाणी गुडघ्याखाली आल्यावर माणसे चिखलात उतरली. नियम जाळ्याचा आणि गरीचा होता, हाताचा नव्हता. पुरुषांनी ओली धोतरे आणि पंचे दोन्ही टोकांना धरून मासे काठाकडे रेटले. बायकांनी ते हातांनी उचलून कळशा, हंडे आणि रंगाच्या रिकाम्या डब्यांत घातले. माशांच्या अंगावर बुळबुळीत थर होता आणि पुष्कळ मासे हातातून सुटून परत चिखलात पडत होते.

पाणी उतरते आहे हे पक्ष्यांना आदल्या दिवशीच कळले होते. बांधावर पाणकावळे ओळीने बसले होते. ढोकऱ्या माणसांपासून हातभर अंतरावर उभ्या राहून बारीक मासे टिपत होत्या. खाडीवरून काकण, म्हणजे समुद्रगरुड, आला, तळ्यावर दोन घिरट्या घालून समुद्रफळाच्या शेंड्यावर बसला आणि दुपारपर्यंत तिथून हलला नाही.

"ती बघ, देवीचा मासा गिळलान तिनं," एक बाई ढोकरीकडे हात करून ओरडली.

"मग काय करू? कौल लावून तिला शिक्षा देऊ?"

सगळ्यांत मोठे दोन मासे शेवटी निघाले. पहिला हंड्यात घालताना तांब्याच्या काठाला घासला. पाठीवरचे खवले निघाले आणि तळहाताएवढा पांढरा डाग उघडा पडला. हे दोन कुठे न्यायचे यावर थोडी बाचाबाची झाली. मामा म्हणाले, मुख्य पाहुणे आमच्या घरी. तो हंडा मामांनी आणि त्यांच्या चुलतभावाने काठीला अडकवून नेला.

मामांची विहीर आंब्याच्या बागेच्या खाली, पऱ्याला लागून आहे. गावातली ती एकच विहीर कधी आटलेली नव्हती. मुख्य पाहुण्यांसाठी तीच योग्य, असे मामांनी आणि बाकीच्यांनीही धरले.

पोकलेनने गाळ काढला. तो लोकांनी कलमांच्या आळ्यांत घातला. जुलैत तळे काठोकाठ भरले. पाणी स्वच्छ होते आणि त्यात काही नव्हते. कुमुदाचे कंद गाळाबरोबर गेले होते. कमळपक्षी त्या वर्षी दिसले नाहीत.

मामांनी बैठक बोलावली. ती देवळात न घेता देवळासमोरच्या पारावर घेतली, कारण ते पायरी चढत नव्हते. तिथे प्रथमच लक्षात आले की विहिरीतला मासा बाहेर काढण्याचे तीन मार्ग आहेत. गरी, जाळे किंवा उपसा. मासे देवीचेच असल्याने पहिल्या दोनांना विहिरीतही बंदी होती. तिसरा पावसाळ्यात शक्य नव्हता. झरे चालू होते, विहिरी अर्ध्याहून वर आल्या होत्या.

मग खालच्या वाडीतला तो म्हातारा म्हणाला, "मी काय बोललो होतो?"

जाळे टाकण्याची परवानगी देवीकडे मागायचे ठरले. गुरवाने पाकळ्या लावल्या. मामा खाली पायरीशी उभे होते. पाकळ्या चिकटून राहिल्या. गुरवाने पुन्हा गाऱ्हाणे घातले. दिवस कलला तरी एकही पडली नाही. देवी बोलत नाही, असे गुरवाने बाहेर येऊन सांगितले.

होडीवरच्या माणसाला तरीही विचारून पाहिले. "मी नाय टाकणार," तो म्हणाला. "माझी होडी खाडीत चालायची हाय अजून."

काही घरांनी आपापली युक्ती काढली. पोहऱ्यात भात ठेवून तो पाण्याखाली सोडायचा आणि मासा आत आला की वर खेचायचा. बारीक मासे असे थोडे निघाले. मरळी कशानेच आल्या नाहीत. त्या पावसात वरच्या वाडीत एक मरळ ओल्या गवतातून सरपटत जाताना एका बाईला दिसली. ती पायऱ्यांच्या विहिरीतून चढून आली असावी, असा अंदाज होता. बाईने तिला पदरात धरून तळ्यात नेऊन सोडले.

दुसरी अडचण माणसांची होती. माशांना घरातली सवय झाली होती आणि घरांना माशांची. सकाळी पाणी काढायच्या आधी शिते टाकायची पद्धत पडली होती. एका घरात मासे आल्यानंतर मुंबईतल्या मुलाला खोली मिळाली होती आणि ते घर मासे परत द्यायला तयार नव्हते.

"देवी काय फक्त तळ्यात हाय?" त्या घरच्या बाईने मामांना विचारले.

"पाहुणे मुक्कामाला दिले होते, वहिनी."

"मग पाहुण्यांनाच विचारा, जायचंय काय ते."

मामा रोज सकाळी आंघोळ करून देवळाकडे जात. खालच्या पायरीपाशी चपला काढत, जमिनीवर उभे राहून हात जोडत आणि चपला घालून परत येत. गुरव प्रसाद खाली आणून देई. जाता-येता लोक बोलत. "काय कंट्रोलर, गाडी कुठवर आली?" किंवा, "फलाट रिकामाच दिसतो." मामा उत्तर देत, "उशिरानं धावतेय. रद्द नाही."

मामी चिडलेली असे. "अख्ख्या गावात तोंड उघडलं कोणी? यांनीच," ती मला म्हणाली. "आणि विहिरींचं बोलले मी. दोघंही गप्प बसलो असतो तर खड्डा खणला असता लोकांनी."

२००३ च्या शिमग्यात पालखी निघाली तेव्हा पहिला खांदा मामांच्या चुलतभावाने दिला. मामा पायरीखाली उभे होते. पालखी खाली आल्यावर त्यांना दांडा धरता आला असता. मान देवळातून बाहेर काढण्याचा होता, त्यामुळे त्यांनी धरला नाही. पालखी सहाणेवर, शिमग्यातल्या तिच्या चौथऱ्यावर, जाऊन बसली. मामी त्या वेळी पालखीकडे न बघता मामांकडे बघत होती.

मे महिन्यात गावात विहिरी साफ करण्याची रीत आहे. पाणी तळाला गेले की उरलेले उपसून गाळ काढतात. मामांनी सगळ्यांना तोपर्यंत थांबायला सांगितले होते. २००३ च्या मेमध्ये एकेक घर विहीर उपसत गेले. माणूस तळाशी उतरे, हातांनी मासा धरी आणि दोरीने हंडा वर येई. खोल झालेल्या तळ्यात त्या उन्हाळ्यातही छातीइतके पाणी होते. ज्या घरच्या मुलाला खोली मिळाली होती त्यांनीही अखेर मासे दिले; ती बाई हंड्याबरोबर तळ्यापर्यंत चालत आली आणि ते पाण्यात जाईपर्यंत काठावर थांबली.

पावसाच्या आधी सगळ्या विहिरी झाल्या. राहिली फक्त मामांची.

दोन इंजिने लावली. पाणी निम्म्यावर आले आणि तिथे अडले. जितके बाहेर जाई तितके झऱ्यातून आत येई. विहिरीच्या भिंतीत, पाण्याखाली, जांभ्यात एक कपार होती. दोन्ही मासे तिच्यात शिरून बसले. एकाने बुडी मारून हात घातला; शेपटी लागली आणि निसटली. संध्याकाळी इंजिने बंद केली.

"झालं की आता," गुरव मामांना म्हणाला. "गावातले सगळे आले. दोन तुमच्या घरचेच. चढा वर."

"दोन प्रवासी राहिलेत," मामा म्हणाले. "गाडी पूर्ण आली असं लिहिता येणार नाही."

२००४ च्या मेमध्ये त्यांनी तिसरे इंजिन मागवले. पाणी आणखी खाली गेले. दुसऱ्या दिवशी खालच्या वाडीतल्या बायका रिकाम्या कळशा घेऊन बागेत आल्या. त्यांच्या विहिरी उतरल्या होत्या. झरा एकच असावा.

"कंट्रोलर, दोन माशांसाठी आमच्या पोरांना तहानलेली ठेवता काय?"

मामांनी तिन्ही इंजिने तिथेच बंद करायला लावली. त्यानंतर विहीर उपसण्याचा प्रयत्न झाला नाही. शिमग्याला चुलतभाऊ खांदा देत राहिला. मामांचा उजवा खांदा दुखू लागला होता आणि हात वर नेताना त्यांना थांबावे लागे.

तळे हळूहळू पूर्ववत होत होते. कुमुदाची पाने आधी बांधाच्या कोपऱ्यात दिसली आणि मग मध्याकडे पसरली. कोणी लावली नव्हती. एखादा कंद राहिला असावा. कमळपक्षी परत आले. अडयाही उतरू लागल्या. दुपारी शिते टाकली की मासे पायरीपर्यंत येत.

२००५ च्या जुलैत पावसाची झड लागली आणि पऱ्याला मोठा लोंढा आला. त्याच वेळी खाडीला उधाण होते, त्यामुळे पाणी उतरेना. पऱ्या बागेत शिरला. मामांच्या विहिरीचा कठडा पाण्याखाली गेला. तळ्याचा बांध, पऱ्या आणि बाग यांत काही काळ वेगळे काही दिसत नव्हते. पाणी ओसरल्यावर कठड्यावर लव्हाळ्याच्या मुळ्या आणि केवड्याची पाती अडकलेली होती. विहिरीचे पाणी गढूळ होते.

मामी त्यानंतर रोज सकाळी विहिरीत शिते टाकून थांबे. पाणी निवळले. शिते तरंगत राहत, भिजत आणि बुडत. खालून कोणी वर येत नसे.

ऑक्टोबरात मी आजोळी गेलो होतो. दुपारी मामी नैवेद्याचा भात घेऊन तळ्यावर गेली, तेव्हा मी बरोबर होतो. मासे आले. त्यांच्या मागून एक मोठा मासा आला आणि पायरीजवळ वळला. पाठीवर तळहाताएवढा पांढरा डाग होता. मामीने मला विचारले, "दिसला?" मी हो म्हणालो. तिने बागेकडे तोंड करून मामांना हाक मारली. मामा आले, तोपर्यंत मासा खोल गेला होता. ते उन्हात बसून राहिले. संध्याकाळच्या आधी तो पुन्हा वर आला आणि त्यांनीही तो पाहिला.

"दुसरा?" मामांनी विचारले.

दुसऱ्याला कसली खूण नव्हती. तळ्यात तेवढे मोठे आणखी मासे आता झाले होते. मामांनी हिवाळाभर तळ्यावर बसून पाहिले. डागाचा मासा रोज दिसे. दुसऱ्याबद्दल त्यांना खात्री देता येईना, आणि खात्री नसताना ते पायरी चढायला तयार नव्हते.

२००६ च्या शिमग्यात पालखी निघायच्या दिवशी सकाळीच गाव देवळासमोर जमले. ढोल आत वाजत होते. चुलतभाऊ कमरेला शेला बांधून तयार होता. मामा नेहमीप्रमाणे खालच्या पायरीपाशी चपला काढून उभे राहिले. मामी बायकांमधून बाहेर आली आणि त्यांच्या शेजारी जाऊन थांबली.

"एक आला ना?" ती म्हणाली.

"एक आला. एक बाकी आहे."

"मग बाकीचा माझ्याकडे. विहिरींचं मी सुचवलं होतं. त्याच्यासाठी मी थांबते खाली. तुम्ही जा."

"असं कुठं असतं?"

"तुम्ही पायरी चढणार नाही म्हणालात, ते तरी कुठं असतं? आणखी किती वर्षं उचलणार आहे तो खांदा?"

गुरव वर दारात आला होता. "कौल लावायचा काय?" त्याने विचारले.

"नको," मामी म्हणाली. "हे घरातलं आहे."

ढोलवाल्यांतला एकजण मागून ओरडला, "कंट्रोलर, बदली मिळाली! चला, ड्युटीवर चला!" लोक हसले. मामा हसले नाहीत. मामीने चपला काढल्या आणि मामांच्या चपलांच्या शेजारी ठेवल्या. चुलतभावाने शेला सोडून मामांच्या हातात दिला.

मामा पायऱ्या चढून आत गेले. त्यांनी डाव्या खांद्यावर दांडा घेतला आणि पालखी बाहेर काढली. मामी खाली उभी होती. पालखी तिच्यासमोरून गेली तेव्हा तिने दांड्याला हात लावून नमस्कार केला.

डाग असलेला मासा २००८ पर्यंत तळ्यात दिसत होता. दुसरा दिसल्याचे आजवर कोणी सांगितलेले नाही. मामांनी २००९ पर्यंत दर शिमग्याला पहिला खांदा दिला. त्या प्रत्येक वर्षी मामी खालच्या पायरीपाशी, चपला काढून, जमिनीवर उभी होती.